डावी कड

दि. ४ मार्च

ती. दादा,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते म्हणून विचारते. तू कसा आहेस, वहिनीचा गुडघा कसा आहे, आणि तुझी ती शिलाईची मशिनं तुला वेळेवर जेवायला तरी सोडतात का? इकडे मी ठणठणीत. वर्कशॉपच्या छपराचे दोन पत्रे बदलले, लेथचा पट्टा बदलला, माझा चष्मा बदलला. स्वभाव तेवढा तसाच राहिलाय, असं लोक म्हणतात.

एक कामाचं विचारायचंय. एकोणीस वर्षांत मी तुला कामाचं एक अक्षर विचारलं नाही, हे मला ठाऊक आहे. रागावलास तरी चालेल, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

एका रायफलीचं काम आलंय. साधी, हाताने बोल्ट मागेपुढे करायची. नळी ठरली, दस्ता ठरला, गाडी अडलीय ती मॅगझिनवर. काडतुसं ठेवायची कुठे आणि एकामागून एक वर यायची कशी, एवढाच प्रश्न, आणि त्यावरून मी चार दिवस धड जेवलेली नाही. सुटं मॅगझिन द्यायचं की आतलं? सुटं म्हणजे खालून खटकन बसणारी पत्र्याची डबी. रिकामी झाली की काढा, भरलेली दुसरी लावा. आतलं म्हणजे आपल्या बाबांचं आणि मग तुझं. रायफलीच्या पोटातच पेटी, वरून एकेक काडतूस दाबून भरायचं.

सुट्याची बाजू मला कळते. त्याचं तोंड वाकडं झालं तर डबी फेकून द्यायची, रायफल शाबूत राहते. आतल्या मॅगझिनच्या तोंडाच्या दोन कडा मात्र रायफलीच्या अंगातच कापलेल्या असतात. तिथे चुकलं की चुकलंच. पण सुटी डबी हरवते, खडखडते, आणि झुडपात तिची कळ दाबली गेली तर पडल्याचं कळतही नाही. ही रायफल वनरक्षकाला हवी आहे. वरच्या चौकीवर एकट्याने राहायचं, रानातून रोज पाच-सहा तास चालायचं, आणि तिथे अस्वलं आहेत.

तुलना करायला माझ्याकडे एक जुनी रायफल आली आहे. तू केलेली. कुणी आणली ते पुढे सांगते.

दादा, मी ती उघडली आणि दुपारभर दुसरं कामच केलं नाही. पेटीची रुंदी मोजली, काडतुसाच्या बुडाची मोजली, मग वहीत तीन गोल काढले. एक डावीकडे, त्यावर एक उजवीकडे, त्यावर पुन्हा एक डावीकडे. तिघंही एकमेकांना टेकलेले आणि दोन्ही भिंतींनाही टेकलेले. मधले ठिपके जोडले तर तिन्ही बाजू सारख्या! पेटी केसभर रुंद असती तर काडतुसं एकमेकांत पाचरीसारखी रुतली असती, केसभर अरुंद असती तर अडून राहिली असती. शिवाय ती पुढच्या बाजूला निमुळती होत गेलीय, कारण काडतूसच निमुळतं. तू तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतास आणि बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. हे तुला कुणी शिकवलं? मी रोज तुझ्या शेजारच्या टेबलावर बसत होते आणि मला वाटायचं तू डबा करतोयस.

मग एक खोटं काडतूस भरलं आणि बोल्ट इतका सावकाश पुढे नेला की हाताला रग लागली. बूड कडेखालून निसटलं, वर आलं, आणि नळीत शिरायच्या आधीच बोल्टच्या पंज्याखाली जाऊन बसलं. आधी धरलं, मग पुढे नेलं. मी रायफल आडवी केली, उलटी केली, छताकडे केली. काडतूस पडत नाही. मी एकटी, चाळिशी उलटलेली बाई, टेबलाखाली डोकं घालून उलट्या रायफलीत बघत "वा! वा!" करत होते. शेजारचा सुतार डोकावून गेला.

एकच काडतूस भरत होते. एकच भरलं की ते उजवीकडे बसतं, तुला माहीतच आहे. पाच भरून पाहिली नाहीत.

आता कुणी आणली ते. शिडीने. तुझ्या दोस्ताने. अजून तसाच उंच आहे, दारातून वाकूनच आत आला. उजवी बाही कोपरापाशी दुमडून पिन लावलेली. आणि रायफल त्याला नकोय, त्याच्या मुलीला हवी आहे. ती वनरक्षक झालीय. मे महिन्याच्या एक तारखेला तिला वरच्या चौकीवर हजर व्हायचंय, जिथे बाप होता तिथेच.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्याच्या अपघाताच्या चौकशीच्या कागदावरचं वाक्य तुला पाठ असेल. "दुहेरी मांडणीच्या आतल्या मॅगझिनच्या रचनेतील दोषामुळे दुसरे काडतूस अडकले." तू खाली सही केलीस आणि त्यानंतर रायफलीला हात लावला नाहीस. मुलीने तो कागद वाचलाय. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मावशी, बाबांच्या वेळेला जे झालं ते जे मॅगझिन करणार नाही, ते द्या. मला बाकी कळत नाही." मी म्हटलं, विचार करून सांगते.

तर सांग. तुझ्याइतकं कुणाला कळतं?

तुझी धाकटी


दि. १५ मार्च

ती. दादा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. मोजून साडेतीन ओळी, त्यातली दीड वहिनीच्या गुडघ्याची. "सुटं दे. माझ्या पद्धतीचं नको. विषय संपला." तुझा विषय नेहमीच लवकर संपतो. माझा नाही संपत, म्हणून मी चार पानं लिहिते आणि तू कार्ड टाकतोस.

तरी तुझं ऐकलं. एक तयार रायफल होती सुट्या मॅगझिनची, ती घेऊन आम्ही खाणीमागच्या मोकळ्या जागेत गेलो. मी, शिडी आणि मुलगी. परवानगीचा कागद होता, काळजी करू नकोस.

त्या मुलीचे हात बघायला हवे होतेस. चालता चालता थांबते, गुडघा टेकते, खांद्याला लावते, आणि बोल्ट मागे गेला कधी नि पुढे आला कधी, कळत नाही. नजर समोर, एकदाही खाली नाही. दोन डब्या, दहा काडतुसं, दहाही समोरच्या पत्र्याच्या निशाणावर. मी टाळ्या वाजवल्या. शिडी म्हणाला, "टाळ्या काय वाजवतेस, हिची आई अशाच झपाट्याने कपडे धुते." पण त्याचा चेहरा बघितला, लेकीवरून जीव ओवाळून टाकावा असा झाला होता.

मग तिला झुडपातून सरपटत यायला लावलं. बाहेर आली, खांद्याला लावली, दाबलं आणि नुसता टक आवाज. डबी नव्हतीच. पाठीमागे झुडपात पडली होती, शोधायला आम्हाला दहा मिनिटं लागली. ती गवत झटकत म्हणाली, "मी डबीला दोरी बांधीन. तरी हेच बरं. बाबांच्या वेळचं नको." चेष्टेत नाही, खरंच बांधणार होती. चांगल्या रायफलीला दोरी! आणि ते मी मुकाट्याने ऐकलं. मी, जी कुणाचं काही ऐकून घेत नाही.

परत आल्यावर मुलगी ऑफिसात गेली, शिडी वर्कशॉपमध्ये बसला. मी चहा केला. तुझी जुनी रायफल टेबलावर होतीच. तो डाव्या हाताने तिचा दस्ता थोपटत म्हणाला,

"तुझा दादा आला होता एकदा हिला बघायला."

मी म्हटलं, "कधी?"

"चौकशी लागली होती तेव्हा. सहीच्या आदल्या दिवशी बहुतेक. मी नुकताच दवाखान्यातून घरी आलो होतो. म्हणाला, रायफल बघू का? म्हटलं, बघ बाबा, बघून घे काय केलंयस ते. खिडकीपाशी नेली, बोल्ट काढला, आत अंगठा फिरवत बसला. किती वेळ! मग म्हणाला, माझा हात चुकला. एवढंच. मी त्याला नाही नाही ते बोललो गं तेव्हा. सगळं ऐकून घेतलं आणि गेला."

"अंगठा कुठे फिरवत होता?"

"आत. तोंडाशी."

"कुठल्या बाजूला?"

"हा काय प्रश्न झाला?" तो हसला. मग आठवून त्याने डाव्या हाताचा अंगठा कडेला लावून दाखवला. "इथे."

डावी कड. दादा, चहाचा कप माझ्या हातून तिथेच फुटला. शिडीला वाटलं गरम लागला म्हणून.

तुझा अंगठा काय आहे ते मला माहीत आहे. बाबा म्हणायचे, ह्याला मोजमापाचा व्हर्नियर कशाला विकत घ्यायचा. म्हणजे तुला तेव्हाच कळलं. सही करायच्या आधी.

आज एवढंच. मशीन चालू ठेवलंय, असं खोटं लिहून पत्र संपवते.

तुझी धाकटी


दि. २३ मार्च

दादा,

आज खुशाली नाही विचारत.

ते मी केलं होतं. तुला माहीत आहे, तरी माझ्या हाताने एकदा लिहायला हवं.

त्या दिवशी तू वीस काडतुसं चालवून बघितलीस, रायफल टेबलावर ठेवलीस आणि घरी जेवायला गेलास. जाताना म्हणालास, "झालीय, हात लावू नकोस." मी दिव्याखाली धरून बघितली. कडांवर कानशीच्या बारीक रेघा होत्या. मला वाटलं, एवढी देखणी वस्तू आणि आतून खरबरीत? लाकडी काडीला पॉलिश पेपर गुंडाळला आणि डावी कड घासायला लागले. छान चकाकली. आणखी घासली. सगळे तुझं कौतुक करत होते, दादा. मलाही त्या रायफलीत थोडंसं असायचं होतं. एवढंच कारण, दुसरं काही नाही. उजवीला सुरुवात करणार तेवढ्यात तुझी सायकल वाजली आणि मी काडी खिशात घातली. तीन वाजता शिडी येऊन रायफल घेऊन गेला. तू पुन्हा कशाला तपासशील? तू तपासूनच जेवायला गेला होतास.

बारा दिवसांनी बातमी आली.

एकोणीस वर्षं मी स्वतःला सांगत होते की नुसत्या पॉलिशने काय होतं. तुला मागचं पत्र टाकल्यावर धीर करून मोजलं. डावी कड उजवीपेक्षा अर्ध्या केसाने मागे आहे. मग पाच खोटी काडतुसं भरली आणि बोल्ट जोरात ओढला, घाबरलेला माणूस ओढेल तसा. पहिलं, उजवीकडचं, बिनबोभाट गेलं. दुसरं डावीकडचं. ते कडेखालून लवकर सुटलं, पंज्याखाली न जाता उडून त्याच्या पुढ्यात पडलं, आणि बोल्ट त्यावर आपटून थांबला. तो आवाज मी ऐकला. शिडीने तोच ऐकला होता, समोर अस्वल असताना. मी बोल्ट सोडून खाली बसले. मला रडायलाही आलं नाही.

अर्धा केस, दादा! त्यावर एक माणूस उभा होता आणि तू तो अर्धा केस बरोबर राखला होतास, नुसत्या कानशीने आणि अंगठ्याने. आणि तो बिघडलेला तुला सापडला, कुणी बिघडवला तेही तुला कळलं, वर्कशॉपमध्ये होतंच कोण तिसरं? तू घरी आलास, माझ्या हातचं जेवलास, भात जरा कच्चा राहिलाय म्हणालास, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन सही केलीस. तुझ्या पेटीसमोर मी तोंडात बोटं घातली होती. तुझ्यासमोर काय करू? इतक्या वर्षांत एक शब्द नाही, एक नजर नाही. माझ्या लग्नात तू सगळ्यांत मोठ्याने हसत होतास. एवढं मोठं माणूस माझ्या घरात वावरत होतं आणि मी त्याला पोस्टकार्डावरून टोमणे मारत होते. मला तुझी भीती वाटते आहे, खरं सांगते, डोंगराच्या पायथ्याशी वर बघताना वाटते तशी.

आणि राग पण आला. हेही खरंच लिहिते. तू मला विचारलं असतंस, एक मुस्काटात मारली असतीस, तर मी तेव्हाच बोलले असते. तू मला वाचवलंस आणि त्या बिचाऱ्या पेटीला फाशी दिलीस. आज त्या कागदामुळे एक चांगली मुलगी डबीला दोरी बांधून रानात जाणार होती.

म्हणून चार दिवसांपूर्वी मी दोघांना बोलावलं आणि सांगितलं. रायफल टेबलावर ठेवून, पाच काडतुसं भरून, आवाजासकट.

शिडी उठला आणि बाहेर नळापाशी जाऊन उभा राहिला. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती, कडेकडे बघत होती. तो परत आला आणि दारातच वाकून उभा राहिला, आत आला नाही.

"एकोणीस वर्षं मी त्याला शिव्या दिल्या," तो म्हणाला. "माझ्या घरी बसून, चहा पीत पीत तू ऐकल्यास."

मी म्हटलं, "हो."

"हाताचं मी काही म्हणत नाही. हात अस्वलाने नेला. पण माझा दोस्त तू नेलास."

मुलीनेच विचारलं, "म्हणजे दोष मांडणीत नव्हता?"

"नव्हता. तुझ्या बापाने त्या दिवशी हातात धरली होती ती त्या मांडणीची सर्वांत चांगली रायफल होती. मी हात लावेपर्यंत."

तिने सगळी काडतुसं काढली, एक हातात फिरवलं, तेवढंच परत भरलं. रायफल उलटी धरून बोल्ट सावकाश पुढे नेला, मी नेला होता तसाच, आणि उजवीकडचं काडतूस पंज्याखाली जाताना बघितलं. तिचं तोंड उघडं राहिलं. "हे त्यांनी हाताने केलं?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मग मला हेच हवं. आतलं. पण मावशी, कडा तुम्ही कापायच्या नाहीत."

लागलं ते मला. पण बरोबर आहे तिचं.

मी आज चौकशीच्या ऑफिसला सगळं लिहून पाठवलं, तारखेसकट, सहीसकट. माझं लायसन्स राहील की जाईल ठाऊक नाही. गेलं तर गेलं. त्या कागदावरून तुझं नाव आधी उतरू दे. तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास आणि विषय संपवला असतास.

नवी रायफल मी जेवढी करायची तेवढी केली. पेटी तुझ्याच मापाने, तीन गोल काढून. तोंडाच्या कडा दोन्ही भरीव सोडल्यात, कानस लावलेली नाही. ती रायफल तुझ्याकडे येते आहे. कागदपत्रं करून, मुलगी स्वतः घेऊन येईल. तू म्हणशील, माझा हात आता शिवणाच्या मशिनांचा झाला. ते तिला सांग. तिला पटलं नाही तर ती परत जाणार नाही, एवढं तिला ओळखते मी आता.

आणि ती एकटी येत नाही. जाताना शिडीने माझ्याकडे तुझा पत्ता मागितला. मी लिहून देत होते तर कागद ओढून घेतला आणि डाव्या हाताने स्वतः लिहिला, एकेक अक्षर, जीभ बाहेर काढून. रविवारी सकाळच्या गाडीने ते पोचतील. काय बोलणार, मी विचारलं. म्हणाला, "गाडीत बसल्यावर बघू." मला वाटतं त्याला गाडीतही सुचणार नाही.

वहिनीला दार उघडायला पाठवू नकोस. तू स्वतः जा. तो दारात वाकून उभा असेल आणि तू नेहमीप्रमाणे विषय संपवायला बघशील. संपवू नकोस. त्याच्याकडे एकोणीस वर्षांचं बोलायचं शिल्लक आहे आणि ते सगळं तुझं आहे. मी तिथे नसेन. मला यायचं होतं, पण तो म्हणाला, तू नको, आणि मी ऐकलं.

माफी मागत नाही. तू देऊन मोकळा होशील, म्हणून.

जिचं नाव तू कुठेच घेतलं नाहीस,
ती तुझी बहीण